व्हीसेंटरचं लॉगिन: सोपं कुठे करावं आणि कुठे हात आखडता घ्यावा

इस्पितळ, बँक, विद्यापीठ, मोठा कारखाना, कुठेही पाहा. पूर्वी जिथे सर्व्हरची रांग उभी असायची तिथे आता तीन-चार दणकट यंत्रं असतात आणि त्यांच्या आत चाळीस-पन्नास आभासी सर्व्हर चालू असतात. या आभासी सर्व्हरला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, रोजच्या बोलण्यात नुसतं ‘व्हीएम’. खऱ्या यंत्राची मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क या व्हीएमना वाटून देणारा जो थर असतो तो हायपरवायझर. व्हीएमवेअर कंपनीचा ईएसएक्सआय हा त्यातला फार पसरलेला. असे अनेक ईएसएक्सआय होस्ट, म्हणजे ईएसएक्सआय चालवणारी खरी यंत्रं, एकाच पडद्यावरून सांभाळायचं सॉफ्टवेअर म्हणजे व्हीसेंटर.

व्हीसेंटरमध्ये पूर्ण अधिकाराने शिरलेला माणूस काय करू शकतो, हे आधी लक्षात घ्यायला हवं. तो पगाराचा सर्व्हर बंद करू शकतो. रुग्णांच्या नोंदी असलेल्या सर्व्हरची अख्खी डिस्क उचलून नेऊ शकतो, आणि त्या सर्व्हरच्या आतला पासवर्ड त्याला माहीत असण्याचीही गरज नाही. मनात आणलं तर सगळे व्हीएम काही मिनिटांत पुसूही शकतो. एवढं सगळं एका लॉगिनच्या पडद्याआड असतं.

आणि नेमका हाच पडदा बऱ्याच ठिकाणी त्रासदायक झालेला असतो. पत्ता टाकला की ब्राउझर लाल इशारा देतो. तो ओलांडला की भलंमोठं नाव लिहायचं. त्यातला ‘ॲट’नंतरचा भाग, म्हणजे डोमेन, विसरला की ‘चुकीचा पासवर्ड’. पाच वेळा चुकलं की खातं बंद. मग टीममधलं कोणीतरी कंटाळतं, मुख्य ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एका एक्सेल फाइलमध्ये जातो, तिथून व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि सगळे त्याच नावाने आत जाऊ लागतात. रात्री दोन वाजता एखादा व्हीएम पुसला गेला तर नोंदीत सगळीकडे एकच नाव दिसतं. कोणी केलं हे कोणालाच सांगता येत नाही. लॉगिन सोपं करणं ही चैन नाही, हे सुरक्षेचंच काम आहे, असं मी ठामपणे म्हणतो ते यासाठी. स्वतःच्या नावाने आत जाणं हाच सगळ्यांत कमी कटकटीचा मार्ग असेल तर माणसं आपणहून तोच धरतात.

एकाच खोलीची चार वेगवेगळी खाती

नव्या माणसाचा गोंधळ होतो तो इथे. व्हीसेंटरच्या आसपास निदान चार प्रकारची खाती असतात आणि ती एकमेकांना ओळखत नाहीत.

पहिलं, व्हीसेंटरच्या स्वतःच्या डोमेनमधलं खातं. ‘ॲडमिनिस्ट्रेटर ॲट व्हीस्फिअर डॉट लोकल’ हे त्यातलं प्रसिद्ध नाव. दुसरं, कार्यालयाच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीतलं (ही मायक्रोसॉफ्टची, सगळ्या कर्मचाऱ्यांची खाती एका जागी ठेवणारी व्यवस्था), म्हणजे ज्या नावाने आपण सकाळी आपला संगणक उघडतो ते. तिसरं, व्हीसेंटर ज्या लिनक्स यंत्रावर बसलेलं असतं त्या यंत्राचं ‘रूट’, म्हणजे सर्वाधिकारी खातं. त्याचा पडदाच वेगळा, ५४८० क्रमांकाच्या पोर्टवर. बॅकअप, अपडेट, नेटवर्क तिथून. चौथं, प्रत्येक ईएसएक्सआय होस्टचं आपापलं ‘रूट’. दहा होस्ट असतील तर दहा रूट.

पासवर्डची मुदतही प्रत्येकाची निराळी. व्हीसेंटरच्या डोमेनमधल्या साध्या खात्याचा पासवर्ड मुळात ९० दिवसांनी संपतो. अलीकडच्या आवृत्त्यांत ५४८० वरच्या रूटचाही. तीन मिनिटांत पाच चुका झाल्या तर डोमेनमधलं खातं पाच मिनिटं बंद राहतं. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ या तक्रारींचा मोठा भाग या मुदतींमधून येतो.

ही गुंतागुंत कोणी हौसेने केलेली नाही. २०१२ च्या आधी व्हीसेंटर बहुतेक ठिकाणी विंडोज सर्व्हरवर चालायचं आणि विंडोजचीच खाती वापरायचं. तेव्हाच्या क्लायंट प्रोग्रॅममध्ये ‘विंडोज सेशनची ओळख वापरा’ अशी एक चौकट होती. तिच्यावर खूण केली की पासवर्ड लिहायचीही गरज नसे, आणि शॉर्टकटमध्ये ‘पासथ्रूऑथ’ हा शब्द जोडला की दोन क्लिकमध्ये माणूस आत. पण हळूहळू व्हीसेंटरभोवती इतर सेवा वाढल्या आणि प्रत्येक सेवा आपापली ओळख विचारू लागली. म्हणून २०१२ मध्ये व्हीस्फिअर (ईएसएक्सआय आणि व्हीसेंटर मिळून होणाऱ्या संचाचं नाव) ५.१ बरोबर ‘सिंगल साइन-ऑन’ आलं. पहिली आवृत्ती बसवायला अवघड होती. २०१३ च्या ५.५ मध्ये ती बरीच नव्याने बांधली गेली आणि आजचं ‘व्हीस्फिअर डॉट लोकल’ हे नाव तेव्हापासूनचं.

सिंगल साइन-ऑन चालतं कसं, हे सरकारी इस्पितळातल्या केस पेपरसारखं आहे. खिडकीवर एकदाच नाव-गाव सांगायचं. तिथे केस पेपर मिळतो, त्यावर तारीख आणि शिक्का. पुढे एक्स-रेच्या खोलीत, रक्त तपासायच्या ठिकाणी, औषधांच्या खिडकीवर कोणी पुन्हा नाव-गाव विचारत नाही. कागद आणि शिक्का पाहतात. व्हीसेंटरमधली खिडकी म्हणजे ‘सिक्युरिटी टोकन सर्व्हिस’, आणि ती जो कागद देते ते टोकन. ते टोकन दाखवून आपण आतल्या सगळ्या सेवांमध्ये फिरतो, आणि पासवर्ड फक्त खिडकीलाच कळतो.

लॉगिनच्या अनेक गूढ बिघाडांचं उत्तर या रचनेतच सापडतं. घड्याळं जुळत नसतील तर कागदावरची तारीख चुकीची वाटते आणि कागद नाकारला जातो. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ज्या कर्बेरॉस पद्धतीवर चालते तिला तर पाच मिनिटांहून जास्त फरक मुळातच चालत नाही. म्हणून व्हीसेंटर, होस्ट आणि डोमेन कंट्रोलर (ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणारे सर्व्हर) या सगळ्यांनी एकाच ठिकाणावरून वेळ घ्यायला हवी. दुसरी गोष्ट शिक्क्याची. टोकनवर सही करणाऱ्या सर्टिफिकेटलाही, म्हणजे ओळख सिद्ध करणाऱ्या डिजिटल दाखल्यालाही, मुदत असते. व्हीस्फिअर ६.५ आणि ६.७ च्या काळात बसवलेल्या कित्येक व्हीसेंटरमध्ये ती दोनच वर्षांची होती. ती संपली त्या दिवशी पासवर्ड बरोबर असूनही कोणालाच आत जाता येईना. मुदत तपासायला व्हीएमवेअरने पुढे ‘चेकएसटीएस’ नावाची छोटी स्क्रिप्ट दिली. जुनी आवृत्ती चालवणाऱ्यांनी ती आजच चालवून पाहावी.

लाल इशारा आधी घालवा

लॉगिन सोपं करायचं म्हटलं की सगळे पासवर्डकडे वळतात. माझ्या मते सुरुवात पत्त्यापासून करावी.

व्हीसेंटर बसवताना त्याला जे पूर्ण नाव दिलेलं असतं तेच त्याचं खरं नाव. आपण आयपी पत्ता टाकून गेलो तरी लॉगिनसाठी ते आपल्याला त्या पूर्ण नावाकडेच पाठवतं. आपल्या लॅपटॉपला ते नाव कुठे आहे हे माहीत नसेल तर पान उघडतच नाही, आणि माणूस समजतो व्हीसेंटर बंद पडलं. उपाय साधा आहे: कार्यालयाच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत, ते नाव नीट नोंदवायचं, उलट बाजूनेही, म्हणजे पत्त्यावरून नाव सापडेल असं. छोटं टोपणनाव हवं असेल तर ते नुसतं डीएनएसमध्ये घालून भागत नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत व्हीसेंटरच्या वेबक्लायंटच्या सेटिंग फाइलमध्येही ते नोंदवावं लागतं, नाहीतर लॉगिनच्या वाटेवर ४०० क्रमांकाची चूक येते.

मग सर्टिफिकेट. व्हीसेंटरच्या आत स्वतःचं सर्टिफिकेट देणारं केंद्र असतं आणि आपल्या ब्राउझरचा त्यावर विश्वास नसतो. लाल पान येतं ते यामुळे. व्हीसेंटरच्या पहिल्याच पानावर, लॉगिनच्या आधी, विश्वासू रूट सर्टिफिकेट (त्या केंद्राचं मूळ सर्टिफिकेट; ‘रूट’ खात्याशी याचा संबंध नाही) उतरवून घ्यायचा दुवा असतो. ती झिप फाइल घ्यायची आणि त्यातलं सर्टिफिकेट ग्रुप पॉलिसीतून (ॲक्टिव्ह डिरेक्टरीतून अनेक संगणकांना एकदम सेटिंग लावायची सोय) ॲडमिन मंडळींच्या संगणकांवर पसरवायचं. थोड्या वेळाचं काम, आणि लाल पान कायमचं जातं. यात सोय आहेच, पण मला त्याहून मोठा वाटणारा मुद्दा सवयीचा आहे. रोज लाल इशारा ओलांडून पासवर्ड लिहायची सवय लागलेला माणूस, उद्या कोणी खोटं लॉगिन पान उभं केलं, तर तिथेही तितक्याच सहज पासवर्ड लिहून मोकळा होईल.

रोजचं एकच नाव

आता मुख्य सोय. व्हीसेंटरला कार्यालयाची ॲक्टिव्ह डिरेक्टरी दाखवून द्यायची, म्हणजे लोकांना वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड लागणार नाही. मेनूत ॲडमिनिस्ट्रेशन, त्यात सिंगल साइन-ऑन, त्यात कॉन्फिगरेशन, आणि तिथे ‘आयडेंटिटी सोर्सेस’. इथे अनेक जण जुन्या आठवणीने ‘इंटिग्रेटेड विंडोज ऑथेंटिकेशन’ निवडतात, ज्यात व्हीसेंटरलाच डोमेनचं सदस्य करावं लागतं. ती वाट ७.० पासून मावळतीला लागली आहे; नव्याने धरू नये. त्याऐवजी एलडीॲपवरून, म्हणजे डिरेक्टरी वाचायच्या प्रमाणित पद्धतीने, ॲक्टिव्ह डिरेक्टरी जोडावी, आणि तीही उघडी ३८९ पोर्टवरून नव्हे, तर सर्टिफिकेटसह ६३६ वरून.

जोडताना दोन बारीक गोष्टी पुढे महिनोन् महिने छळतात. व्हीसेंटर ज्या खात्याने डिरेक्टरी वाचतं त्या खात्याला फक्त वाचायचे अधिकार असावेत, आणि त्याचा पासवर्ड कधी बदलणार हे कुठेतरी लिहिलेलं असावं. तो बदलला आणि व्हीसेंटरला सांगितलं नाही तर त्या दिवशी सगळ्यांचंच लॉगिन थांबतं. दुसरं, तिथे एकट्या डोमेन कंट्रोलरचं सर्टिफिकेट चढवलं की त्याच्या नूतनीकरणाच्या दिवशी तोच गोंधळ होतो. वरचं रूट सर्टिफिकेट चढवावं, ते बरीच वर्षं टिकतं.

एवढं झाल्यावर त्याच यादीत आपल्या डोमेनवर खूण करून ‘सेट ॲज डिफॉल्ट’ दाबायचं. फक्त एवढ्यानेच लोकांना डोमेन न लिहिता नुसतं नाव लिहून आत येता येतं. अख्ख्या कामात इतक्या कमी कष्टात इतका फायदा देणारं दुसरं बटण नाही, आणि तरी ते पुष्कळ ठिकाणी दाबलेलं नसतं. एक लक्षात ठेवायचं: त्यानंतर व्हीस्फिअर डॉट लोकलच्या खात्याने यायचं असेल तर मात्र पूर्ण नाव लिहावं लागेल.

आता कोणी आपल्या नावाने येऊन पाहील आणि म्हणेल, पासवर्ड घेतला पण परवानगी नाही म्हणतंय. हे बरोबरच आहे. ओळख पटणं आणि अधिकार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिरेक्टरी जोडली म्हणून कोणाला काहीही करता येत नाही. कोणाला काय करू द्यायचं ते व्हीसेंटरमध्ये वेगळं सांगावं लागतं. हे माणसामाणसाला देत बसू नये. डिरेक्टरीत तीन-चार ग्रुप करावेत: सगळं करू शकणारे, आपापले व्हीएम चालू-बंद करणारे, आणि फक्त पाहणारे. प्रत्येक ग्रुपला व्हीसेंटरमध्ये एकदा भूमिका द्यावी. नवा माणूस आला की त्याला ग्रुपमध्ये घालायचं, नोकरी सोडून गेला की डिरेक्टरीतलं खातं बंद करायचं. व्हीसेंटरला हातही लावावा लागत नाही. फक्त पाहणाऱ्यांचा ग्रुप जरूर करावा. बरेच लोक केवळ एखाद्या व्हीएमला किती मेमरी आहे एवढं बघायला येतात आणि त्यांना पूर्ण अधिकार दिलेले असतात.

व्हीसेंटर एकाहून जास्त असतील तर ‘एन्हान्स्ड लिंक्ड मोड’ने ती एकाच डोमेनमध्ये आणता येतात. एकदा लॉगिन केलं की सगळी एका पडद्यावर.

पासवर्ड व्हीसेंटरला कळूच द्यायचा नाही

वरच्या मांडणीत एक उणीव राहते. एलडीॲपवरून जोडलं तर आत येण्यासाठी फक्त डिरेक्टरीचा पासवर्ड पुरतो. मोबाइलवरचा दुसरा टप्पा नाही. आणि हल्ले करणारे नेमके इथेच येतात. गुगलच्या सुरक्षा तज्ज्ञांनी २०२५ मध्ये ज्या पद्धतीचं वर्णन केलं तीत सुरुवात साध्या फोनने होते: हेल्पडेस्कला फोन करायचा, आपण अमुक कर्मचारी असं भासवायचं, डिरेक्टरीचा पासवर्ड बदलून घ्यायचा. मग डिरेक्टरीत व्हीस्फिअरच्या ॲडमिन लोकांचा ग्रुप शोधायचा, त्यातल्या कोणाचा पासवर्ड तसाच मिळवायचा आणि व्हीसेंटरमध्ये शिरायचं.

याला उत्तर आहे फेडरेशन, म्हणजे ओळख तपासायचं काम बाहेरच्या ओळख सेवेकडे सोपवणं. व्हीस्फिअर ७.० मध्ये, २०२० साली, ते मायक्रोसॉफ्टच्या एडीएफएस या ओळख सेवेपुरतं आलं. ८.० च्या पुढच्या अपडेटमध्ये २०२३ मध्ये ऑक्टा आणि मग मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी, २०२४ मध्ये पिंगफेडरेट या तशाच ओळख सेवा जोडल्या गेल्या. यात लॉगिनच्या पडद्यावर आपण फक्त नाव लिहितो. व्हीसेंटर आपल्याला कार्यालयाच्या नेहमीच्या ओळख पानाकडे पाठवतं. तिथे पासवर्ड, मोबाइलवरची मंजुरी किंवा सुरक्षा चावी, जे काही कार्यालयाने ठरवलंय ते होतं, आणि आपण परत येतो. तिथे सकाळीच लॉगिन झालेलं असेल तर बहुधा काहीच विचारलं जात नाही. सोय आणि सुरक्षा एकाच दिशेला जाणाऱ्या थोड्या जागांपैकी ही एक.

बसवायला मात्र वेळ राखून ठेवावा. ऑक्टा किंवा एन्ट्राकडून माणसांची आणि ग्रुपची यादी व्हीसेंटरपर्यंत पोहोचवावी लागते, आणि व्हीसेंटर सहसा बंद नेटवर्कमध्ये असल्याने मध्ये एक दुवा उभा करावा लागतो. सगळ्यांत जास्त वेळ तिथेच जातो.

सोय अंगावर आली ती अशी

ब्राउझरमध्ये येऊनही त्या जुन्या एका क्लिकची सवय सुटेना, म्हणून व्हीएमवेअरने ‘एन्हान्स्ड ऑथेंटिकेशन प्लगइन’ दिलं होतं. ते संगणकावर बसवलं की विंडोजची ओळख वापरून थेट आत जाता यायचं. २०२१ मध्ये ते मोडीत काढायचं जाहीर झालं, पण कित्येक संगणकांवर ते तसंच राहिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यात गंभीर दोष उघड झाले, आणि कंपनीने दुरुस्ती देण्याऐवजी ते काढून टाकायलाच सांगितलं. आपल्या संगणकाच्या प्रोग्रॅमच्या यादीत ते अजून दिसत असेल तर काढा.

दुसरं उदाहरण याहून बोलकं. ईएसएक्सआय होस्ट डोमेनला जोडला की डिरेक्टरीतल्या ‘ईएसएक्स ॲडमिन्स’ नावाच्या ग्रुपला आपोआप पूर्ण अधिकार मिळत. सोय म्हणूनच ठेवलेली गोष्ट. पण असा ग्रुप डिरेक्टरीत मुळात असतोच असं नाही, आणि होस्ट फक्त नाव पाही. म्हणजे डिरेक्टरीत ग्रुप करण्याइतका अधिकार मिळवलेला चोर त्या नावाचा ग्रुप करून स्वतःला त्यात घालू शकत असे. खंडणीखोर टोळ्यांनी हे प्रत्यक्षात वापरल्याचं मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ मध्ये सांगितलं. ८.० अपडेट ३ मध्ये ही वाट बंद झाली. म्हणून माझा आग्रह असा: व्हीसेंटरचं लॉगिन हवं तेवढं सोपं करा, होस्टचं करू नका. होस्ट डोमेनला जोडायची बहुतेकांना गरजच नसते. त्यांची रूट खाती वेगळी, लांब पासवर्डची, पासवर्ड व्हॉल्टमध्ये, म्हणजे पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. शक्य तिथे ‘लॉकडाउन मोड’ चालू करा, म्हणजे होस्टवर नेटवर्कवरून थेट जाता येणार नाही, व्हीसेंटरमधूनच जावं लागेल.

व्हीएमवेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेल्यानंतर अनेक जण प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे पाहू लागले आहेत. तिथे हेच प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात भेटतात. पोर्ट ८००६ वरच्या पडद्यावर नाव आणि पासवर्डाखाली ‘रिअल्म’ निवडावा लागतो. ‘पॅम’ म्हणजे लिनक्स यंत्रावरचं खातं, ‘पीव्हीई’ म्हणजे प्रॉक्समॉक्सचं स्वतःचं. चुकीचा रिअल्म निवडलेला राहिला की बरोबर पासवर्डही नाकारला जातो, आणि नवखे लोक इथेच अडतात. पॅमची खाती क्लस्टरमधल्या (एकत्र जोडलेल्या यंत्रांच्या गटातल्या) प्रत्येक नोडवर, म्हणजे यंत्रावर, वेगळी करावी लागतात, पीव्हीईची सगळ्या नोडवर एकच असतात. ॲक्टिव्ह डिरेक्टरी जोडून तिचा रिअल्म डिफॉल्ट करता येतो, २०२१ च्या ७.० पासून बाहेरची ओळख सेवा जोडायचं ओपनआयडी कनेक्टही आहे, आणि लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेचं सर्टिफिकेट पडद्यावरूनच घेता येत असल्याने लाल इशाऱ्याचा प्रश्न लवकर मिटतो.

एक खातं बाजूला

व्हीसेंटर असो की प्रॉक्समॉक्स, दोन्हीकडे एक काम शेवटी उरतं; उदाहरण व्हीसेंटरचं घेतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे डोमेन कंट्रोलर बहुधा स्वतःच व्हीएम असतात, आणि त्याच व्हीसेंटरखाली चालतात. वीज जाऊन सगळं बंद पडलं तर ते व्हीएम चालू करायला व्हीसेंटरमध्ये जायला हवं, आणि आपल्या नावाने व्हीसेंटरमध्ये जायला डोमेन कंट्रोलर चालू हवेत. फेडरेशन असेल तर इंटरनेटही हवं. डीएनएससुद्धा बहुधा त्याच डोमेन कंट्रोलरवर असतं, म्हणजे व्हीसेंटरचं नावही सापडत नाही.

म्हणून व्हीस्फिअर डॉट लोकलचं मुख्य खातं कधीही मोडीत काढायचं नाही, आणि रोज वापरायचंही नाही. त्याचा लांब पासवर्ड, डोमेन कंट्रोलर ज्या होस्टवर आहेत त्या होस्टचे आयपी पत्ते आणि त्यांच्या रूटचे पासवर्ड, एवढं सगळं एका पाकिटात, सही करून, तिजोरीत. पासवर्ड व्हॉल्टही त्याच क्लस्टरवरचा व्हीएम असेल तर ऐनवेळी त्याचा काही उपयोग नाही, त्यामुळे कागदच हवा. दर तीन महिन्यांनी दोघांनी मिळून पाकीट उघडावं, प्रत्येक पासवर्डने खरंच आत जाता येतं का ते पाहावं, पासवर्ड बदलावेत आणि नवं पाकीट बंद करावं. त्या खात्याने एरवी कधीही लॉगिन झालं तर लगेच मेल येईल असा इशारा लावून ठेवावा.